मेंटॉर आणि सोबत : विद्यापीठातल्या एका चांगल्या योजनेची चिकित्सा

 

मला दिलेला विषय आहे 'विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य आणि समवयस्क मार्गदर्शन'. संयोजकांना बहुधा वाटलं असेल की निवृत्त प्राध्यापक आहेत, चार धीराचे शब्द सांगतील, सकाळी लवकर उठावं म्हणतील आणि आपण चहाला मोकळे होऊ. (हशा) तसं होणार नाही, आधीच सांगतो. मी तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्याकडे चिकित्सा म्हणजे निंदा नसते. एखादी गोष्ट चांगली आहे असं सगळे म्हणतात, तेव्हा ती कशामुळे चांगली आहे आणि कुठवर चांगली आहे, हे विचारणं म्हणजे चिकित्सा. ही योजना मला चांगली वाटते, म्हणूनच मी तिला प्रश्न विचारणार आहे.

सुरुवात शब्दापासून करू. 'मेंटॉर' हा शब्द आता प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात आहे. तो आला होमरच्या 'ओडिसी'तून. ओडिसियस युद्धाला जातो तेव्हा घरदार आपल्या जुन्या स्नेह्याच्या हवाली करून जातो. त्या स्नेह्याचं नाव मेंटॉर. वीस वर्षं ओडिसियस परत येत नाही. घरात त्याच्या बायकोशी लग्न करायला टपलेल्या लोकांनी ठाण मांडलंय, रोज मेजवान्या झोडतायत. मेंटॉर भर सभेत एकदा उठून बोलतो, पण त्याच्याने काही थांबत नाही. मग मुलाला, टेलेमाकसला, धीर कोण देतं? अथेना देवी. ती मेंटॉरचं रूप घेऊन येते. म्हणजे नाव मेंटॉरचं आणि काम देवीचं. आपल्या योजनांमध्येही तेच झालंय. नाव मेंटॉरचं आहे, अपेक्षा देवीची आहे, आणि प्रत्यक्षात तिथे बसलाय बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एकोणीस वर्षांचा मुलगा.

आता कागदपत्रं बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं जीवन संपवल्याची नोंद आहे. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, आणि त्या वर्षी या यादीत आपलं राज्य सगळ्यात वर होतं. आकडा मी एकदाच सांगतो, पुन्हा नाही सांगणार. आकड्याने धक्का बसतो, पण धक्का बसलेला माणूस नीट विचार करत नाही.

विचार करायला एमिल दुर्खेम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ उपयोगी पडतो. १८९७ साली त्याने आत्महत्येवर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा : ही घटना वरून अत्यंत खासगी दिसते, पण एखाद्या समाजातलं तिचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण स्थिर राहतं, आणि माणूस समाजाशी किती घट्ट किंवा किती सैल बांधला गेलाय त्यावर ते प्रमाण अवलंबून असतं. दुर्खेमवर पुढे खूप टीका झाली. प्रत्येक माणसाच्या दुःखाचं उत्तर काही त्याच्याकडे नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न टिकून आहे. मूल कोसळलं की आपण विचारतो, 'याला काय झालं?' दुर्खेम विचारायला लावतो, 'याला कुणी धरून ठेवलं होतं?'

सरकारदरबारी काय झालं, तेही न्यायाने सांगायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावं आणि ताणतणावाचे प्रश्न तिथे हाताळले जावेत, असं त्यांत आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर राष्ट्रीय कृतिदल नेमलं. आणि २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचं प्रकरण समोर असताना, न्यायालयाने देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. सगळ्या अध्यापक आणि अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये. हेल्पलाइनचे क्रमांक ठळकपणे लावावेत. हे सगळं मी मनापासून स्वागतार्ह मानतो. मी नोकरीला लागलो तेव्हा अशा गोष्टी कुणी कागदावरसुद्धा आणल्या नव्हत्या.

मग माझी तक्रार काय आहे? तीन तक्रारी आहेत. एक हिशेबाची, एक सत्तेची आणि एक ओझ्याची.

हिशेब आधी. समजा, एखाद्या कॉलेजात तीन हजार विद्यार्थी आहेत. निर्देशाचं किमान पालन म्हणून एक समुपदेशक नेमली. वर्षभरात दहांतला एक विद्यार्थी तिच्याकडे गेला आणि प्रत्येकाला चार भेटी लागल्या, असं धरू. बाराशे भेटी झाल्या. कामाचे दिवस दोनशे धरले तर रोज सहा. रोज सहा जणांचं दुःख पाऊण-पाऊण तास ऐकायचं, त्याच्या नोंदी ठेवायच्या, पालकांशी बोलायचं, प्राध्यापकांना प्रशिक्षण द्यायचं, वर अहवाल लिहायचा. आणि ही बाई बऱ्याचदा कंत्राटावर असते, आठवड्यातून दोनच दिवस येते, बसायला तिला जिमखान्याशेजारची खोली मिळते. त्या खोलीत कोण गेलं हे अख्ख्या कॉलेजला दिसतं. इथे संस्थेला एक छान युक्ती सुचते. समुपदेशक कमी आहेत ना? मग विद्यार्थ्यांनाच विद्यार्थ्यांचे मेंटॉर करू. फुकट आहेत, संख्येने भरपूर आहेत, उत्साही आहेत. इथे माझी पहिली हरकत आहे. समवयस्कांची मदत ही समुपदेशकाच्या जोडीला हवी, त्याच्या बदली नको. प्रथमोपचाराची पेटी चांगलीच असते. पण पेटी घेतली म्हणून कुणी दवाखाना बंद करत नाही.

दुसरी हरकत सत्तेची. ज्याला आपण मेंटॉर म्हणतो, तो 'सीनियर' असतो. आता गंमत बघा. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे. त्या कागदांत सीनियर हा संशयित आहे. त्याच्याकडून हमीपत्र घ्यायचं, त्याच्यावर पथकाने नजर ठेवायची. आणि शेजारच्याच सूचनाफलकावर मेंटॉर योजनेचं पत्रक आहे, त्यात तोच सीनियर जिवलग मित्र आहे. मुलगा तोच, वसतिगृह तेच. नव्याने आलेल्या मुलाने यातल्या कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा? दोन्ही कागद आपापल्या जागी खरे आहेत, अडचण तिथेच आहे. एक-दोन वर्षांची ज्येष्ठता ही आपल्याकडे सत्ताच असते, आणि सत्ता आधारही देते आणि चिरडूही शकते.

त्यात जात आणि भाषा मिसळली की काय होतं, हे आपण न बोलता जाणतो. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या भेदभावाची चौकशी सुखदेव थोरात यांच्या समितीने केली, तिचा अहवाल २००७ चा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातसुद्धा कसं वेगळं पडावं लागतं, हे त्या अहवालात नोंदवलंय. २०१९ साली मुंबईत आदिवासी समाजातल्या एका निवासी डॉक्टर तरुणीचा मृत्यू झाला आणि तिच्या वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाचे आरोप झाले. ते प्रकरण न्यायालयात गेलं. मी इथे निवाडा देणार नाही. मी फक्त एवढंच विचारतो की मेंटॉर नेमताना हा प्रश्न कुठल्या फॉर्मवर असतो? पहिल्या भेटीत मेंटॉर सहज म्हणून विचारतो, 'तुझी रँक किती?' त्याच्या दृष्टीने ओळख वाढवायचा प्रश्न. समोरच्या मुलाला मात्र त्यात ऐकू येतं, 'तू कुठल्या रांगेतून आलास?' बस्, तिथेच दार बंद. पुढे सहा महिने तो मेंटॉरला 'ऑल गुड' असा मेसेज पाठवत राहतो आणि योजनेच्या अहवालात ते 'समाधानकारक संपर्क' म्हणून जातं.

आता तिसरी हरकत. ही सांगताना मला जरा थांबत बोलावं लागेल, कारण यात दोष माझा आहे.

निवृत्तीच्या आधीची दोनेक वर्षं असतील. आमच्या विभागाने 'ज्येष्ठ मित्र' नावाची योजना सुरू केली. समन्वयक मी. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाकडे पहिल्या वर्षाचे तीन-चार जण दिले. प्रशिक्षण म्हणाल तर एका शनिवारी दोन तास, आणि त्यातला एक तास माझं भाषण. (हशा) हसा, पण पुढचं ऐका. एका संध्याकाळी मराठवाड्यातून आलेली आमची एक विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. हुशार, अबोल मुलगी. म्हणाली, "सर, कुणी आपल्याला शपथ घातली असेल, तर ती मोडावी का?" आता तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. मी कांटपासून सुरू झालो. वचन म्हणजे काय, परिणामांचा विचार करणारे काय म्हणतात, महाभारतात भीष्माच्या प्रतिज्ञेने काय झालं, सगळं सांगितलं. अर्धा तास बोललो. चांगलंच बोललो असणार. तिने ऐकून घेतलं, "थँक यू सर" म्हणाली आणि गेली.

तिचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हताच. तिच्याकडे दिलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीने तिला सांगितलं होतं की मला जगायचं नाही, आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ही मुलगी दोन रात्री तिच्या दाराशी जागी बसली. तिसऱ्या रात्री तिने शपथ मोडली आणि रेक्टरबाईंना उठवलं. धाकटीला वेळेवर उपचार मिळाले, ती सावरली, आज नीट आहे. मी समन्वयक म्हणून वर्षअखेरीला अहवाल लिहिला. त्यात हा प्रसंग नाव न घेता योजनेचं यश म्हणून घातला.

थोरलीचं काय झालं? धाकटी तिच्याशी बोलेनाशी झाली. वसतिगृहात कुजबुज झाली की हिच्याजवळ काही बोलू नका. थोरली तासाला येईनाशी झाली, तिचं ते वर्ष बुडालं. जी वाचली तिच्यासाठी सगळी व्यवस्था धावली. जिने वाचवलं, तिला त्या रात्रीनंतर 'तू झोपलीस का गं?' एवढंही कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. अहवालात तिच्यासाठी रकानाच नव्हता, आणि तो अहवालाचा नमुना मीच तयार केला होता.

म्हणून माझी तिसरी हरकत ही की मेंटॉरवर पडणारं ओझं या योजनांच्या हिशेबातच नसतं. आपण त्याला दोन गोष्टी एका दमात सांगतो. समोरच्याची गुपितं जप, आणि धोका वाटला तर लगेच कळव. या दोहोंमधली रेषा कुठे आहे, ते त्या मुलाने रात्री दोन वाजता एकट्याने ठरवायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे, आणि जीव वाचवण्यासारख्या कारणांसाठी त्याला अपवादही आहेत. व्यावसायिक माणसाला अशी चौकट मिळते. विद्यार्थी मेंटॉरला काय मिळतं? एक टी-शर्ट आणि प्रमाणपत्र.

प्रमाणपत्रावरून ॲरिस्टॉटल आठवतो. त्याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितलेत. उपयोगासाठीची, आनंदासाठीची, आणि एकमेकांच्या भल्यासाठीची. पहिल्या दोन वाईट नाहीत, पण कारण संपलं की त्या संपतात, असं तो म्हणतो. मेंटॉर होण्याला आपण क्रेडिट, प्रमाणपत्र, बायोडेटातली एक ओळ असं सगळं जोडतो, तेव्हा पहिल्या प्रकारची मैत्री तयार करतो आणि तिच्याकडून तिसऱ्या प्रकारच्या मैत्रीचं काम मागतो. मग सेमिस्टर संपलं की मैत्री संपते. मुलांचं दुःख मात्र सेमिस्टर पाहून येत नाही.

आता आपल्याकडचा लाडका दाखला. या विषयावर बोलणारे दहांतले नऊ वक्ते सांगतात की कृष्ण हा पहिला समुपदेशक. ठीक आहे. पण मग गीता नीट वाचू या. पहिल्या अध्यायात अर्जुन मोडून पडतो, तेव्हा कृष्ण किती बोलतो? अर्धा श्लोक. बाकी सगळं अर्जुन बोलतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण बोलतो ते चक्क रागावतो, हा भ्याडपणा तुला शोभत नाही अशा अर्थाचं. आपले बाबा, काका, मास्तर हेच करतात. त्याचा उपयोग होतो का? नाही होत! अर्जुन पुन्हा आपलंच सांगत राहतो, मग म्हणतो, मी तुझा शिष्य आहे, मला सांग, आणि तरीही लढणार नाही म्हणून गप्प बसतो. खरी शिकवण सुरू होते ती यानंतर. म्हणजे आधी पूर्ण ऐकणं झालं, रागावणं वाया गेलं, आणि समोरच्याने स्वतः विचारल्यावर सांगणं झालं. हा क्रम आमचे वक्ते विसरतात आणि थेट अठराव्या अध्यायाला हात घालतात. (हशा)

आणि आणखी एक. कृष्णाला अर्जुनाला लढायला उभं करायचं होतं. आपल्या संस्थांनाही बऱ्याचदा तेच हवं असतं. मुलगा परत परीक्षेला बसला की 'केस' संपली. पण काही वेळा बरी गोष्ट ही असते की मुलाने ते रण सोडावं, शाखा बदलावी, एक वर्ष घरी राहावं, स्पर्धा परीक्षेच्या पाचव्या फेरीला नाही म्हणावं. जो सोबती फक्त परत लढायला पाठवतो, तो मुलाचा की संस्थेचा?

मग करायचं काय? माझ्याकडे नवी योजना नाही. जुना शब्द आहे. 'सोबत.' आमच्या लहानपणी गावात कुणाच्या घरातला पुरुष परगावी गेला, कुणाकडे दुःख झालं, तर शेजारची एखादी बाई किंवा मुलगी रात्री तिथे 'सोबतीला' झोपायला जायची. ती उपदेश करत नसे. दुःखाचं निदान करत नसे. अंथरूण घालून शेजारी पडायची, पहाटे उठून आपल्या घरी जायची. आणि पुढच्या रात्री दुसरी कुणी जायची. हे दुसरं विसरू नका. सोबत पाळीने असायची. एकाच बाईवर महिनाभर ओझं टाकत नसत.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. तिथे थोरला मुलगा धाकट्याच्या शेजारी झोपायचा, दोघं एकाच पंक्तीला जेवायचे, एकत्र काम करायचे. मी त्याचं गोड चित्र रंगवत नाही. तिथे शिस्त कडक होती, मारही बसला असेल, आणि कुणाच्या मनात काय चाललंय हे विचारायची भाषा तेव्हा कुणाकडेच नव्हती. पण एकत्र जगणं आधी होतं, एकमेकांना सांभाळणं त्यातून आलं. आज मुलं एकेकटी खोलीत डबा उघडून मोबाइलसमोर जेवतात, आणि आपण त्यांना महिन्यातून एकदा मेंटॉर-भेटीची लिंक पाठवतो.

इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७० साली 'नाइटलाइन' सुरू झाली. रात्री विद्यार्थीच विद्यार्थ्यांचे फोन घेतात. नाव विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं. हळूहळू ती अनेक विद्यापीठांत पसरली. ती टिकली याचं एक कारण मला असं दिसतं की तिने आपलं काम लहान ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही तीनच क्रिया आहेत. पाहा, ऐका, जोडून द्या. बरं करा, असं त्यात नाही.

तेव्हा ज्या कॉलेजांत अशी योजना आहे, तिथल्या मंडळींना माझ्या चार विनंत्या. पहिली, मुलांना विचारायला शिकवा. 'तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का' असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे आता अभ्यासकांनी पुरेसं स्पष्ट केलंय. दुसरी, शपथ घ्यायचीच नाही हे पहिल्याच भेटीत दोघांना सांगा : 'तुझं सगळं माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर मी एकटा ठेवणार नाही.' हे आधी बोललं गेलं असतं, तर आमच्या त्या मुलीला माझ्या खोलीत येऊन कोडं घालावं लागलं नसतं. तिसरी, मेंटॉरमागे जाणतं माणूस उभं करा. दर आठवड्याला त्यांचं ऐकणारं, आणि रात्री ज्याचा फोन लागतो असं. चौथी, मेंटॉरला मध्येच थांबायची मोकळीक द्या, आणि थांबला म्हणून त्याला पळपुटा म्हणू नका.

एक क्रमांक सांगतो, इथे बसलेल्यांनी आणि घरी ऐकणाऱ्यांनी लिहून घ्या : १४४१६. टेलि-मानस, सरकारी सेवा आहे, विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं. तुमच्यातल्या कुणाला आज स्वतःसाठी हा क्रमांक हवा असेल, तर तो लावण्यात काही कमीपणा नाही.

आता एक चिठ्ठी आलीय, ती वाचतो आणि थांबतो. 'सर, त्या मुलीची तुम्ही नंतर माफी मागितलीत का?'

चांगला प्रश्न आहे. मागितली, पण खूप वर्षांनी. एका लग्नात भेटली. आता ती शिकवते. मी म्हटलं, त्या संध्याकाळी मी तुझं ऐकलं नाही. ती हसली. म्हणाली, "सर, तुम्ही बोलत होतात तेवढा वेळ मी एकटी नव्हते, तेवढं तरी झालं." मला दिलासा द्यायला म्हणाली असेल. तेव्हाही ती दुसऱ्याचंच ओझं हलकं करत होती. मी मात्र त्या दिवसापासून एक नेम केलाय. कुणी विद्यार्थी दारात येऊन तत्त्वज्ञानाचा प्रश्न विचारू लागला, की मी आधी त्याला बस म्हणतो, पाणी देतो आणि विचारतो, "हे कुणाबद्दल आहे?"

इतकंच.